फोटो काळपट, पांढराफटक की पिवळा? एक्स्पोजर आणि रंगांच्या तक्रारींचे निदान

डिजिटल कॅमेऱ्याने काढलेले फोटो काळपट, पांढरेफटक किंवा पिवळेधमक येऊ लागले की पहिला संशय कॅमेऱ्यावर घेतला जातो आणि कॅमेरा नवा असेल तर दुसरा तो विकणाऱ्यावर. प्रत्यक्षात अशा बहुतेक तक्रारींचे मूळ प्रकाशात, कॅमेऱ्यातल्या प्रकाश मोजणाऱ्या मीटरच्या ठरलेल्या हिशेबात किंवा कधीतरी बदलून तशीच राहिलेल्या एखाद्या सेटिंगमध्ये सापडते. यंत्रातला खरा बिघाड सर्वांत शेवटी तपासावा. तोपर्यंत पोहोचण्यासाठी मात्र काहीएक क्रम पाळावा लागतो. तो नसला की माणूस एकाच वेळी आयएसओ (प्रकाशाबद्दलची संवेदनशीलता) बदलतो, व्हाइट बॅलन्स (प्रकाशाच्या रंगाची दुरुस्ती) फिरवतो आणि मोडही पालटतो. मग फोटो सुधारला तरी तो नेमका कशाने सुधारला हे कळत नाही आणि पुढच्या कार्यक्रमात तीच तक्रार पुन्हा उभी राहते.

निदानाची सुरुवात एका प्रश्नाने करावी : चूक प्रत्येक फोटोत सारखीच आहे, विषय बदलला की बदलते, की विषय तोच असूनही एका फोटोतून दुसऱ्या फोटोत बदलते? घरातले आणि बाहेरचे सगळेच फोटो सारख्याच प्रमाणात काळे किंवा निळसर येत असतील तर सेटिंग किंवा यंत्र यांपैकी काहीतरी चुकते आहे. पांढऱ्या वस्तूंचे फोटो मळकट आणि काळ्या वस्तूंचे फोटो भुरकट येत असतील तर मीटर आपले नेहमीचेच काम करत आहे आणि छायाचित्रकाराने त्याला दुरुस्ती सांगायची आहे. कॅमेरा ट्रायपॉडवर, विषय स्थिर, सगळी सेटिंग मॅन्युअल आणि तरीही एक फोटो उजळ तर लगतचा पिवळट येत असेल, तर आधी डोक्यावरचे दिवे पाहावेत.

हे ठरवताना मूळ फाइल समोर असावी. प्रत्येक फाइलमध्ये शटर स्पीड (शटर उघडे राहण्याचा वेळ), ॲपर्चर (लेन्समधले प्रकाश आत सोडणारे छिद्र), आयएसओ, मीटरिंगचा प्रकार, कॉम्पेन्सेशन (मीटरच्या हिशेबात सांगितलेली वाढ किंवा घट) आणि व्हाइट बॅलन्स यांची नोंद असते आणि ती कॅमेऱ्याच्या मागच्या स्क्रीनवर किंवा संगणकावर सहज पाहता येते. बिघडलेले चार-पाच फोटो आणि चांगला आलेला एखादा फोटो यांच्या नोंदी शेजारी ठेवून वाचल्या, तर निम्म्या तक्रारींचा उलगडा तिथेच होतो.

सगळ्या फोटोंत एकच चूक असेल तर

पहिली शंका एक्स्पोजर कॉम्पेन्सेशनची घ्यावी; एक्स्पोजर म्हणजे फोटोला मिळणारा एकूण प्रकाश. ते एकदा उणे एकवर ठेवले की बहुतेक कॅमेऱ्यांत कॅमेरा बंद करून पुन्हा सुरू केला तरी तिथेच राहते. उणे एक म्हणजे निम्मा प्रकाश आणि अधिक एक म्हणजे दुप्पट, त्यामुळे एवढासा फरकही डोळ्यांत भरतो. कॉम्पेन्सेशनची चकती वरच्या बाजूला उघडी असलेल्या कॅमेऱ्यांत ती बॅगेतून काढताना नकळत फिरते. तीन फोटोंपैकी एक ठीक, एक काळा, एक उजळ आणि पुन्हा तेच चक्र असे दिसले, तर ब्रॅकेटिंग, म्हणजे मुद्दाम वेगवेगळ्या एक्स्पोजरचे फोटो ओळीने काढण्याची सोय, चालू राहिले आहे असे समजावे. कॅमेरा किंचित हलवताच उजेडाचा हिशेब कमालीचा बदलत असेल तर मीटरिंग स्पॉटवर, म्हणजे चौकटीतला एक छोटा ठिपकाच मोजणाऱ्या प्रकारावर, राहिलेले असण्याची शक्यता मोठी आहे.

भर दुपारी मोकळ्यावर काढलेले फोटो पांढरेफटक येणे ही प्राइम (झूम नसलेली) लेन्स नव्याने घेतलेल्यांची ठरलेली तक्रार आहे. कडक उन्हात आयएसओ १०० ठेवून एफ/१.८ वर (एफचा आकडा जितका लहान तितके ॲपर्चर मोठे) फोटो काढायचा झाला तर शटर साधारण १/८००० सेकंद लागतो. अनेक कॅमेऱ्यांची मर्यादा १/४००० असते, म्हणजे आयएसओ किमान असतानाही फोटो एक स्टॉप (म्हणजे दुप्पट प्रकाशाइतका) जास्त उजळ येणार. त्यात आदल्या संध्याकाळचा आयएसओ १६०० तसाच राहिला असेल तर विचारायलाच नको. अशा वेळी व्ह्यूफाइंडरमध्ये शटरचा आकडा लुकलुकून सूचना देत असतो, पण घाईत तिकडे लक्ष जात नाही. ॲपर्चर एफ/५.६ किंवा एफ/८ केले की प्रश्न मिटतो. उघडेच ॲपर्चर हवे असेल तर प्रकाश कमी करणारा एनडी फिल्टर लावावा.

आणखी एक गोष्ट तपासणीपुरती बंद ठेवावी. निकॉनचे ॲक्टिव्ह डी-लायटिंग, कॅननचे ऑटो लायटिंग ऑप्टिमायझर आणि सोनीचे डी-रेंज ऑप्टिमायझर या सोयी सावलीचा भाग आपणहून उजळवतात. एरवी त्या उपयोगी असल्या तरी त्यांच्यामुळे कॉम्पेन्सेशन उणे केल्यावरही फोटो अपेक्षेइतका गडद होत नाही, आणि चूक शोधणाऱ्याला कॅमेरा ऐकतच नाही असे वाटू लागते. कशातच मेळ लागत नसेल तर मेनूतून सेटिंग रीसेट करून, आयएसओ १०० वर, प्रोग्रॅम मोडमध्ये (ज्यात शटर आणि ॲपर्चर कॅमेराच ठरवतो), सावलीतल्या एखाद्या साध्या दृश्याचा फोटो काढावा. तो नीट आला तर कॅमेरा निर्दोष आहे असे धरून पुढे जायला हरकत नाही.

मीटरची समजूत आणि तिच्यावरचा उपाय

कॅमेऱ्यातील मीटर वस्तूवरून परत येणारा प्रकाश मोजतो; ती वस्तू मुळात पांढरी आहे की काळी, हे त्याला ठाऊक नसते. समोर जे काही आहे ते सरासरीने मधल्या करड्या छटेचे असणार, असे गृहीत धरून तो हिशेब करतो. सुमारे १८ टक्के प्रकाश परावर्तित करणारे ग्रे कार्ड याच कल्पनेवर बेतलेले असते. समोर कोणीही उभे राहो, एकाच मापाचा सदरा शिवणारा शिंपी असावा तसा हा प्रकार आहे. अलीकडचे मॅट्रिक्स किंवा इव्हॅल्युएटिव्ह मीटर दृश्याचे अनेक भाग करून, रंग आणि फोकसचा बिंदू विचारात घेऊन बरेच शहाणपणाने वागतात, तरी मूळ स्वभाव तोच राहतो.

ज्ञानेश्वर आणि तुकाराम महाराजांच्या पालख्या पुण्यात येतात तेव्हा आभाळ बहुधा भरलेले असते आणि चौकट पांढऱ्या टोप्यांनी, सदऱ्यांनी आणि धोतरांनी भरून जाते. मीटर या पांढऱ्याला करडे करायला जातो. टोप्या मळक्या दिसतात आणि टोपीखालचे सावळे चेहरे जवळजवळ हरवतात. येथे कॉम्पेन्सेशन अधिक दोनतृतीयांश ते अधिक एक ठेवावे, एक फोटो काढून टोपीवरचे शिवणीचे दोरे दिसतात का ते मोठे करून पाहावे आणि ते दिसत असतील तर पुढे निर्धास्तपणे काम करावे. पावसाळ्यात सिंहगडावर धुके उतरले असताना किंवा आगाखान पॅलेसच्या पांढुरक्या कमानी चौकटभर घेतल्या असतानाही हाच उपाय लागू पडतो. उलट पाताळेश्वराच्या लेण्यात, जिथे सगळीकडे काळा बेसॉल्ट आहे, तिथे मीटर त्या दगडाला करडा करू पाहतो. नंदीमंडपाचा दगड भुरकट आला तर कॉम्पेन्सेशन उणे दोनतृतीयांशच्या आसपास न्यावे.

शनिवारवाड्याचा दिल्ली दरवाजा हे पुण्यातल्या छायाचित्रकाराला वारंवार भेटणारे कोडे आहे. १७३२ मध्ये पूर्ण झालेल्या या वाड्याचा मुख्य दरवाजा उत्तराभिमुख आहे. हिवाळ्यात सूर्य दिवसभर दक्षिणेकडे राहत असल्याने दरवाजाची दर्शनी बाजू सावलीत पडते आणि तिच्या मागचे आकाश लख्ख असते. कॅमेरा आकाश सांभाळतो आणि दरवाजा काळाठिक्कर येतो. कॉम्पेन्सेशन वाढवले की दरवाजा दिसू लागतो, पण आकाश कोरे होते. यात कॅमेऱ्याचा दोष शोधण्यात अर्थ नाही, कारण उजळ आणि गडद भागांतले अंतर एका फोटोत मावण्याजोगे नसते. चौकटीतून आकाश शक्य तितके वगळावे आणि सावलीतल्या भिंतीवर स्पॉट मीटरिंग करून एक्स्पोजर लॉक करावे. दगड गडद असल्याने त्या वाचनातून अर्धा स्टॉप कमी करणे योग्य ठरते. आकाश हवेच असेल तर रॉ फाइल (सेन्सरची प्रक्रिया न केलेली माहिती) काढून एक्स्पोजर आकाशाला धरून ठेवावे आणि दरवाजा नंतर संगणकावर उजळावा. तारीख निवडण्याची मोकळीक असेल तर मात्र याहून सोपा मार्ग आहे. मेच्या मध्यापासून जुलैच्या अखेरीपर्यंत पुण्यात मध्यान्हीचा सूर्यसुद्धा डोक्याच्या किंचित उत्तरेला असतो, आणि मे महिन्यात सकाळी लवकर गेल्यास दरवाजावर तिरपे ऊन पडलेले मिळते. तेव्हा कोणत्याही करामतीशिवाय दरवाजा आणि आकाश दोन्ही एका फोटोत येतात.

नाटकाच्या फोटोंत हीच गोष्ट उलटी होते. बालगंधर्व रंगमंदिरात प्रकाशझोतात एकटा नट आणि मागे काळा पडदा असला की मीटर काळ्याची भरपाई करतो आणि नटाचा चेहरा जळतो. चेहऱ्यावर स्पॉट मीटरिंग करावे. गव्हाळ वर्ण मधल्या करड्याच्या जवळपास येत असल्याने ते वाचन फारशा फेरफाराशिवाय वापरता येते. प्रवेशाची प्रकाशयोजना स्थिर असेल तर मॅन्युअल मोड उत्तम.

हिस्टोग्राम वाचावा, स्क्रीनवर विसंबू नये

कॅमेऱ्याच्या मागच्या स्क्रीनवरून एक्स्पोजर ठरवणे ही सवय सोडलेली बरी. उन्हात स्क्रीन काळवंडलेली दिसते म्हणून माणूस फोटो विनाकारण उजळवतो आणि रात्री तीच स्क्रीन झगमगीत दिसते म्हणून फोटो काळे काढतो. हिस्टोग्रामवर, म्हणजे फोटोतल्या गडद ते उजळ छटांचे प्रमाण डावीकडून उजवीकडे दाखवणाऱ्या आलेखावर, बाहेरच्या उजेडाचा परिणाम होत नाही. आलेख उजव्या कडेला चिकटून उभा राहिला असेल तर तिथला तपशील उडाला आहे आणि डाव्या कडेला साचला असेल तर सावलीतला तपशील बुडाला आहे. यांपैकी उजवीकडचे नुकसान अधिक गंभीर असते. सावली थोडीफार वर काढता येते, मग तिच्यात दाणे दिसले तरी चालवून घेता येते; उडालेल्या भागात मात्र परत आणण्यासारखी माहितीच उरलेली नसते. रॉ फाइलमध्ये उजळ बाजूला थोडी जास्त सवलत मिळते, कारण कॅमेऱ्यातला हिस्टोग्राम जेपेग प्रतिमेवरून काढलेला असतो. पण रॉमध्ये काढले की एक्स्पोजर कसेही असले तरी चालते, हा समज खोटा आहे.

रंगांच्या बाबतीत साधा हिस्टोग्राम फसवतो. दसऱ्याच्या आदल्या दिवशी मार्केट यार्डात झेंडूच्या ढिगाचा फोटो काढावा. एकत्रित हिस्टोग्राम मधोमध, अगदी शहाण्यासारखा दिसतो आणि तरीही फोटोत पाकळ्या नसतात. केशरी रंगाचा एक सपाट डाग असतो. लाल, हिरवा आणि निळा हे तीन हिस्टोग्राम वेगळे पाहिले की कारण कळते : लाल आलेख उजव्या कडेला आदळलेला असतो, निळा जवळजवळ शून्यावर असतो, आणि एकत्रित आलेखात हिरव्याचे वजन सर्वाधिक धरले जात असल्याने लालचा कडेलोट त्यात दिसतच नाही. विसर्जन मिरवणुकीतला गुलाल, कुंकवाचा करंडा, लाल शालू या सगळ्यांचे असेच होते. उपाय दोन आहेत आणि ते एकत्र करावेत. एक्स्पोजर दोनतृतीयांश ते एक स्टॉप कमी करावे आणि पिक्चर स्टाइल किंवा पिक्चर कंट्रोल (फोटोतल्या रंगांचा भडकपणा ठरवणारी सेटिंग) व्हिव्हिडवरून न्यूट्रलवर आणावे. त्यानंतर झेंडूच्या पाकळीची पाकळीवर पडलेली सावली वेगळी दिसू लागते. व्हिव्हिडबद्दल माझे मत स्पष्ट आहे : आपल्याकडचे सण मुळातच इतके रंगीत असतात की त्यांत कॅमेऱ्याने भर घालण्याची गरज नसते.

रंग : आधी प्रकाश ओळखावा

प्रत्येक प्रकाशाला स्वतःचा रंग असतो आणि तो केल्विनमध्ये मोजतात. जुन्या पिवळ्या बल्बचा प्रकाश सुमारे २७०० ते ३२०० केल्विन, दुपारचे ऊन ५२०० ते ५५००, ढगाळ आभाळ ६००० च्या आसपास आणि निरभ्र दिवसाची सावली ७००० ते ८००० असते. आपली नजर या फरकाशी आपोआप जुळवून घेते, तर कॅमेऱ्याला तो व्हाइट बॅलन्सच्या रूपाने सांगावा लागतो. सगळे फोटो निळे येत असतील तर व्हाइट बॅलन्स बल्बच्या चिन्हावर राहिला आहे का ते पाहावे. बाहेरचे सगळेच फोटो तांबूस येत असतील तर तो सावलीच्या चिन्हावर राहिलेला असण्याची शक्यता आहे.

ऑटो व्हाइट बॅलन्स आता बराच भरवशाचा झाला असून बाहेरच्या साध्या कामात तो बदलण्याची मला गरज वाटत नाही. चौकट एकाच रंगाने भरली असेल तेव्हा मात्र तो गोंधळतो. भगव्या पताकांची गर्दी किंवा पावसाळ्यातला हिरवागार डोंगर पाहून हा रंग दिव्याचा आहे असे त्याला वाटते आणि तो उलट रंग मिसळून मोकळा होतो. पर्वतीवरून टिपलेला सूर्यास्त फिका येण्यामागेही हेच कारण असते. तेथे डेलाइट ठेवले की आकाशाचा तांबडा रंग शाबूत राहतो.

नेमका रंग हवा असेल, उदाहरणार्थ पैठणीचा फोटो विक्रीसाठी काढायचा असेल, तर कस्टम व्हाइट बॅलन्सला पर्याय नाही. ग्रे कार्ड साडीवरच, साडीवर पडणाऱ्या त्याच प्रकाशात ठेवावे, त्यावर छायाचित्रकाराची स्वतःची सावली पडू देऊ नये, कार्डाने चौकटीचा मधला भाग भरून घेऊन फोटो काढावा आणि मेनूतून तो फोटो संदर्भ म्हणून द्यावा. काही कॅमेऱ्यांत, उदाहरणार्थ निकॉनमध्ये, प्रीसेट निवडून थेट मोजमाप घेण्याची सोय असते. कार्डाऐवजी पांढरा कागद वापरण्याची पद्धत सर्रास दिसते, पण आजच्या कागदांत शुभ्रता वाढवणारी द्रव्ये मिसळलेली असतात आणि ती उन्हात निळसर चमकतात. कॅमेरा त्या निळ्याची भरपाई करतो आणि साडी किंचित पिवळी येते. प्रकाश बदलला, ढग आला किंवा टेबल खिडकीपासून दूर सरकवले की मोजमाप पुन्हा घ्यावे. एवढे करूनही काही जांभळ्या आणि मोरपंखी छटा डोळ्यांना दिसतात तशा हुबेहूब येत नाहीत, कारण सेन्सर आणि डोळा रंगांना एकसारखा प्रतिसाद देत नाहीत. तेवढी छटा संगणकावर, साडी शेजारी ठेवून जुळवावी लागते.

मिश्र प्रकाशाला एकच व्हाइट बॅलन्स पुरत नाही. जुन्या वाड्याच्या माजघरात खिडकीतून दिवसाचा प्रकाश येत असतो आणि छताला पिवळा दिवा लटकत असतो. चेहऱ्याची एक बाजू निळी आणि दुसरी पिवळी येते. येथे दिवा सरळ बंद करावा. बंद करता येत नसेल तर माणसाला खिडकीजवळ आणावे. मांडवाच्या कापडाची गोष्ट याहून अवघड असते. कापड एकरंगी असेल तर खालचा सगळा प्रकाश एकाच छटेचा असल्याने कस्टम व्हाइट बॅलन्सने बरेचसे भागते. पण लाल-पिवळ्या पट्ट्यांचे कापड असेल तर एका माणसाचे कपाळ लाल आणि हनुवटी पिवळी होते आणि ते कोणत्याही सेटिंगने सुटत नाही. ग्रुप फोटो मांडवाबाहेर घ्यावा. तो वडाच्या झाडाखाली घेतला तर पानांतून गाळून आलेला हिरवा प्रकाश चेहऱ्यांवर उतरतो, म्हणून झाडाच्या सावलीपेक्षा इमारतीची सावली बरी.

एकामागून एक फोटोंचा रंग बदलतो तेव्हा

मंगल कार्यालयात अक्षता पडण्याच्या क्षणी सलग दहा-बारा फोटो काढले जातात, आणि नंतर पाहावे तर एक फोटो ठीक, दुसरा अर्धा स्टॉप गडद, तिसऱ्यात वरचा निम्मा भाग पिवळट आणि चौथ्यात आडवे पट्टे. ही तक्रार एलईडी दिव्यांचे प्रमाण वाढल्यापासून फार ऐकू येते. आपल्याकडे विजेची वारंवारता ५० हर्ट्झ असल्याने अशा विजेवर चालणारे अनेक दिवे सेकंदाला १०० वेळा उजळतात आणि मंदावतात. ट्यूबलाइटमध्ये आणि स्वस्त ड्रायव्हरच्या एलईडीत हा चढउतार मोठा असतो. शटर १/१०० सेकंदाचा असेल तर उजळण्या-मंदावण्याचे एक पूर्ण चक्र त्यात सामावते, १/५० मध्ये दोन चक्रे सामावतात, म्हणून प्रत्येक फोटोला सारखाच प्रकाश मिळतो. १/५०० वर मात्र चक्राचा जो तुकडा हाती लागेल तो लागेल. शटर १/१०० वर आणणे हा पहिला उपाय, आणि धार्मिक विधींसाठी तो वेग पुरेसाही असतो. इलेक्ट्रॉनिक शटर चालू असेल तर तो बंद करून मेकॅनिकल निवडावा, कारण इलेक्ट्रॉनिक शटर सेन्सरच्या ओळी एकामागून एक वाचतो आणि त्या वेळात दिवा उजळून मंदावला की पट्टे उमटतात. कॅमेऱ्यात अँटी-फ्लिकरची सोय असल्यास ती सुरू करावी. त्यात कॅमेरा दिवा सर्वांत उजळ असतानाचा क्षण साधून शटर उघडतो. डिमरने मंद केलेले आणि व्यासपीठामागच्या भिंतीवरचे एलईडी वेगळ्याच वारंवारतेने लुकलुकतात, त्यामुळे तिथे १/१०० लागू पडेलच असे नाही. एकदोन वेग आजमावून पाहावेत.

एलईडीची दुसरी खोड हिरवट किंवा गुलाबी झाक ही आहे. केल्विनचा आकडा निळ्या-पिवळ्या दिशेने सरकतो, हिरव्या-गुलाबी दिशेने नाही; म्हणून केल्विन कितीही फिरवले तरी ही झाक जात नाही. त्यासाठी व्हाइट बॅलन्स शिफ्ट किंवा टिंटची सेटिंग वापरावी. गणेशोत्सवाच्या देखाव्यांत आणि ऑर्केस्ट्राच्या मंचावर निव्वळ निळा किंवा जांभळा प्रकाश असेल तर चेहरा सपाट निळा येतो, कारण निळी वाहिनी एकटीच भरून वाहत असते. एक्स्पोजर एक स्टॉप कमी करावे आणि पांढरा झोत येण्याची वाट पाहावी.

फ्लॅशच्या तक्रारी थोडक्यात. फोटोच्या एका कडेला काळा आडवा पट्टा येत असेल तर शटर फ्लॅशच्या मर्यादेपेक्षा, म्हणजे साधारण १/२०० किंवा १/२५० पेक्षा, वेगवान ठेवला गेला आहे. अंगच्या फ्लॅशने फोटोच्या खालच्या बाजूला अर्धगोल सावली पडत असेल तर लेन्सहूड काढावे. अंतर दुप्पट झाले की फ्लॅशचा उजेड चौपटीने कमी होतो, त्यामुळे सभागृहाच्या मागच्या रांगेतून तो काहीच करू शकत नाही. कार्यालयाच्या सोनेरी किंवा गुलाबी छतावर फ्लॅश बाउन्स केला तर छताचा रंग घेऊनच तो नवरीच्या चेहऱ्यावर उतरतो.

फोटो ठीक असून दाखवण्यात घोळ

कॅमेऱ्यात चांगला दिसलेला फोटो संगणकावर किंवा फोनवर निस्तेज वाटत असेल तर कलर स्पेस, म्हणजे फाइलमधले रंग मांडण्याची व्यवस्था, पाहावी. ॲडोबी आरजीबीमध्ये काढलेली फाइल रंगव्यवस्था न पाळणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये फिकी दिसते. छपाईचे विशेष काम नसेल तर एसआरजीबी ठेवावे; फोटो लॅबमध्येही सहसा तेच गृहीत धरले जाते. फोनचा किंवा लॅपटॉपचा रात्रीचा मोड चालू असेल तर जगातले सगळेच फोटो पिवळे दिसतात, हे साधे कारण तपासायला लोक विसरतात. प्रिंट काळ्या येण्यामागे बहुतेकदा मॉनिटरचा अतिरेकी उजेड असतो. छपाईसाठी तो चौरस मीटरला १०० ते १२० कँडेला, पांढरा रंग ६५०० केल्विन आणि गॅमा २.२ असा ठेवतात. कॅलिब्रेटर (मॉनिटरचे रंग मोजणारे उपकरण) नसेल तर लॅबकडून आपोआप होणारी दुरुस्ती बंद ठेवून एक छोटी प्रिंट काढून घ्यावी आणि ती पाहून मॉनिटरचा उजेड उतरवावा.

यंत्राची तपासणी

एवढ्यावर न भागल्यास लेन्सपासून सुरुवात करावी. फोटोंना पांढुरकी मरगळ आली असेल, काळा रंग काळा येत नसेल, तर लेन्समधून टॉर्चचा प्रकाश आरपार पाडून आत बुरशीची जाळी किंवा धूसर थर आहे का ते पाहावे. पुण्याच्या पावसाळ्यात कपाटात, त्यातही चामड्याच्या केसमध्ये, पडून राहिलेल्या लेन्सना बुरशी हमखास धरते; हवाबंद डब्यात सिलिका जेल घालून ४० ते ५० टक्के आर्द्रतेत त्या ठेवाव्यात. लेन्सच्या धातूच्या संपर्कबिंदूंवरून कोरडे, तंतू न सोडणारे कापड फिरवावे.

मग मीटर बाजूला ठेवून मॅन्युअल मोडमध्ये परीक्षा घ्यावी. निरभ्र आकाश असताना, दुपारच्या उन्हात, आयएसओ १००, एफ/८ आणि १/४०० सेकंद असा फोटो काढला तर तो योग्य यायला हवा. तो योग्य आला आणि ऑटोमध्ये काढलेला चुकला तर संशय मीटरवर जातो. तो मॅन्युअलमध्येही चुकला तर ॲपर्चर किंवा शटर तपासावा. ॲपर्चरसाठी सावलीतल्या एकसारख्या भिंतीचे फोटो समान एक्स्पोजरच्या जोड्यांनी काढावेत : एफ/२.८ ला १/१००० जमत असेल तर एफ/४ ला १/५००, एफ/५.६ ला १/२५०, एफ/८ ला १/१२५, एफ/११ ला १/६० आणि एफ/१६ ला १/३०. उघड्या ॲपर्चरवर कोपरे जरासे गडद येणे स्वाभाविक आहे. पण ॲपर्चर लहान होत जाईल तसतसे फोटो उजळत चालले तर ॲपर्चरची पाती वेळेवर मिटत नाहीत, आणि दुसरी लेन्स लावून तीच परीक्षा केली की दोष लेन्सचा की बॉडीचा हेही कळते. शटरसाठी ॲपर्चर कायम ठेवून आयएसओ १०० ला १/१२५ पासून आयएसओ ३२०० ला १/४००० पर्यंत एकेक स्टॉपने जावे. वेगवान फोटोंत एक बाजू गडद पडत गेली तर शटरच्या पडद्यांचा मेळ बिघडला आहे. ही परीक्षा दिवसाच्या प्रकाशातच, मेकॅनिकल शटरने घ्यावी. ट्यूबलाइटखाली घेतली तर दिव्याचा चढउतार शटरच्या माथी मारला जाईल. डीएसएलआर ट्रायपॉडवर असताना मागून व्ह्यूफाइंडरमध्ये ऊन शिरले तरी मीटर चुकतो, म्हणून ते झाकून घ्यावे.

परीक्षेत दोष ठरला तर कॅमेरा स्वतः उघडू नये. सर्व्हिस सेंटरमध्ये जाताना तीच लेन्स आणि तीच बॅटरी सोबत न्यावी, वर सांगितलेल्या परीक्षेचे फोटो मेमरी कार्डावर मूळ स्वरूपात ठेवावेत आणि कोणत्या वेगाला किंवा कोणत्या ॲपर्चरला दोष दिसतो ते कागदावर लिहून द्यावे. हे फोटो व्हॉट्सॲपवर साध्या फोटोसारखे पाठवू नयेत, कारण त्यात आकार घटतो आणि एक्स्पोजरच्या नोंदी गळून पडतात. पाठवायचेच झाले तर डॉक्युमेंट म्हणून पाठवावेत.